सिरोंच्याची पोरगी

वरोरा नाक्याच्या सिग्नलपाशी लालसू रस्ता ओलांडायला उभा होता, तेव्हा शेजारी येऊन थांबलेल्या ऑटोतून त्याच्या आईचा आवाज आला. आधी आली ती ढोलाच्या दणक्यासारखी नुसती किक, मग टाळीसारखा कोरडा ठोका, मग एका यांत्रिक आवाजानं कुठल्यातरी अनोळखी डीजेचं नाव दोनदा सांगितलं, आणि त्यानंतर एक श्वास. गायला तोंड उघडताना माणूस आत ओढतो तो एवढासा श्वास. तो तिथं त्यानंच राहू दिला होता. बाकीचे सगळे श्वास त्यानं कापून टाकले होते, कारण मध्ये श्वास आला की नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. हा एकच ठेवला होता, सगळा ठेका एकदम कोसळतो त्या ड्रॉपच्या आधी बरा वाटतो म्हणून. सिग्नल हिरवा झाला, ऑटो बंगाली कॅम्पाकडे निघून गेला आणि गाणं त्याच्यामागे पातळ होत होत गाड्यांच्या आवाजात मिसळलं. लालसू उभाच राहिला. हातात नुकत्याच घेतलेल्या केबलची पिशवी होती. मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, जाऊन राह्यले का नाई?" तो बाजूला झाला. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत तिचा आवाज आपल्या कानांवर एकदाही पडला नाही, हे त्याला तिथं, पेट्रोलच्या आणि तळणाच्या वासात उभ्या उभ्या कळलं. आणि आज पडला तोही असा. सुरात, ठेक्यात, कुठंही न चुकणारा, आणि तिचा नसलेला.

तो राहायचा बाबूपेठेत, गच्चीवरच्या एका खोलीत. दाराला आतून जुनी गोधडी ठोकलेली, खिडकीच्या फटींत कापूस कोंबलेला, तरीही रोज सकाळी टेबलावर कोळशाची बारीक काळी धूळ बसलेली असायची आणि ती बोटानं पुसल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. भद्रावती, वरोरा, नागभीड, इकडच्या बहुतेक लग्नांत आणि मिरवणुकांत जी गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जायची ती या टेबलावर जुळवलेली असत. वाजवणारे वेगळे, गाडीवर उभे राहून हात वर करणारे वेगळे. लालसूचा चेहरा त्यातल्या फार थोड्यांनी पाहिला होता. काम सांगायला सोपं होतं. दोन गाणी एकमेकांत घालायची तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात, गती आणि सूर. गती म्हणजे मिनिटाला ठोके किती. एकशे चोवीसचं गाणं एकशे अठ्ठावीसच्या गळ्यात तसंच टाकलं तर दोन घोडे एका टांग्याला जुंपल्यासारखं होतं, म्हणून आधी एकाला ओढायचं किंवा दुसऱ्याला दाबायचं. सुराचं त्याहून नाजूक. त्यासाठी घड्याळासारखं एक चक्र असतं, बारा घरांचं, आणि ज्या घरात एक गाणं आहे त्याच घरातलं किंवा शेजारच्या घरातलं दुसरं घ्यायचं. आठच्या जवळ सात चालतं, नऊ चालतं. आठच्या अंगावर दोन टाकलं की ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण तो पाणी प्यायला म्हणून बाजूला होतो. हे लालसू कुणाकडून शिकला नव्हता. आश्रमशाळेत असताना सकाळच्या प्रार्थनेत साठ पोरं साठ सुरांत गायची आणि त्याला मळमळायचं. आपल्याला काहीतरी होतंय असं त्याला तेव्हा वाटे. चंद्रपूरला आल्यावर संगणकाच्या दुकानात काम करता करता त्याला कळलं की त्या मळमळीला जगात मोल आहे. हळूहळू मग तो सगळंच जुळवून पाहू लागला. खालच्या घरातली पाण्याची मोटर आणि पंख्याची घरघर, शेजारच्या बाईचं मुलाला हाक मारणं आणि रेल्वेचा भोंगा. जुळलं की त्याला जरा बरं वाटे. एकदा लग्न जमत आलं होतं, मूल गावची मुलगी होती, रीना. दोन-तीनदा भेटल्यावर ती म्हणाली होती, "तुम्ही माह्या बोलन्याकडं लक्ष नाई देत, माह्या आवाजाकडं देता." ते खरं होतं. त्यानं ते नाकारलंही नाही, आणि मग तिच्याकडून फोन येणं बंद झालं.

नाक्यावरून परत आल्यावर त्यानं केबलची पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली आणि ते गाणं जुन्या फाइलींत शोधून काढलं. त्याच्याकडेही तेवढंच होतं, जे ऑटोत होतं ते. फक्त त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचं. एप्रिलमध्ये तो गावी, धानोऱ्याच्या पुढे कोसमटोल्याला गेला होता, तेव्हा अंगणात वाळलेल्या मोहफुलांचा ढीग होता आणि त्याची आई जुरी सूप घेऊन पाखडत बसली होती. शेजारी तिची मैत्रीण इतवारी. दोघी लहानपणापासूनच्या; एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलेल्या. दुपार होती. जुरी रेलाची, गोंडांच्या नाचगाण्यातली, एक ओळ म्हणायची आणि थांबायची, मग इतवारी तीच ओळ मागून म्हणायची, आणि ती म्हणत असताना जुरी सूप झटकायची. दोघींत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. लालसूनं फोन सुरू करून खाटेवर उपडा ठेवला. सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या आणि गाणं तिथंच राहिलं असतं. अकरा मिनिटं. ती अकरा मिनिटं त्यानं चंद्रपूरला आणली आणि या टेबलावर उलगडली. जुरी मिनिटाला साधारण एकशे चार ठोक्यांनी गात होती. साधारण, कारण एका गतीनं ती गातच नव्हती. सूप जड असलं की गाणं रेंगाळायचं, फुलं संपत आली की घाईला यायचं. त्यानं ते उचलून एकशे चोवीसवर नेलं. गतीबरोबर आवाज वर चढला, तीन पायऱ्या. खाली जो बेस टाकायचा होता त्याच्या घरात बसावा म्हणून आणखी थोडा चढवला. जिथं सूर हलत होता तिथं सरळ केला. जिथं शब्द ठोक्याच्या मागं राहत होता तिथं पुढं ओढला. इतवारीचा आवाज तर पूर्णच काढला, तो जरा खालचा होता आणि चिखलासारखा पसरत होता. आणि तिच्या ओळी गेल्यावर मध्ये ज्या रिकाम्या जागा राहिल्या त्या मिटवून टाकल्या. अकरा मिनिटांचं चार मिनिटं झालं. इतकं चांगलं काम त्यानं तोवर केलं नव्हतं. ते झाल्यावर संगणकावरची मूळ अकरा मिनिटं त्यानं जागेसाठी पुसून टाकली. मग पुढच्या दिवाळीत नवा फोन घेताना जुना त्यानं एक्स्चेंजमध्ये दिला. दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, "सर्व साफ करू ना भाऊ?" आणि तो म्हणाला होता, करून टाक.

हे सगळं त्याला आठवायला नको होतं असं नाही. आठवायला नको होतं ते पुढचं. पुढच्या वर्षी कोसमटोल्याजवळच्याच एका गावात लग्न होतं, भद्रावतीच्या निकेशची गाडी आली होती. निकेश हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, डीजे निकेश म्हणून त्याचं नाव गाडीवर दिव्यांनी लिहिलेलं असायचं. त्यानं दुपारी तीनच्या उन्हात हे गाणं लावलं आणि मांडवातली सगळी तरणी माणसं उठली. लालसू चंद्रपूरच्या दोन मित्रांबरोबर गाडीच्या सावलीत उभा होता. तेव्हा बायांच्या घोळक्यातून जुरी उठून त्याच्याकडे आली. पदर खांद्यावर ओढलेला, पाय अनवाणी, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी जे त्यानं आधी पाहिलं नव्हतं, म्हणजे ओळखीचं कुणीतरी गर्दीत दिसावं पण नाव आठवू नये तसं. तिनं गोंडीत विचारलं, ही कोणाची पोरगी गाते? मित्र पाहत होते. त्यांना गोंडी समजत नव्हती, पण आई आहे हे समजत होतं. लालसू म्हणाला, सिरोंच्याकडची आहे कोणी. जुरीनं मान हलवली. थोडा वेळ तिथंच उभी राहून ऐकत राहिली आणि मग परत जाऊन बायांत बसली. त्या एका वाक्याची कारणं त्यानं पुढच्या वर्षांत पुष्कळ शोधली. मित्रांची लाज वाटली. तिला न विचारता घेतलं म्हणून भीती वाटली. कधी वाटे, तिला ती पोरगी आवडली होती, आणि ती पोरगी तूच आहेस असं सांगितलं तर ती नाहीशी झाली असती. शेवटचं कारण त्यातल्या त्यात बरं होतं, म्हणून त्याच्यावर त्याचा सगळ्यात कमी विश्वास होता.

आता त्यानं सॉफ्टवेअरनं किक-बेसमधून आवाज सोडवून घेतला आणि तो खाली आणायला सुरुवात केली. तीन पायऱ्या खाली, गती एकशे चार. हेडफोन लावला. सर्दी झालेली एखादी बाई गात असावी तसं आलं. साडेतीन पायऱ्या: म्हातारी, पण कुणाचीही. पाच पायऱ्या: पुरुष. त्यानं सरळ केलेले सूर अंदाजानं पुन्हा हलवून पाहिले, पुढं ओढलेले शब्द मागं ढकलले, तर ते दारू प्यालेल्या माणसासारखे पडू लागले. सॉफ्टवेअर दर वेळी वर एक घर दाखवी, पाच, दोन, अकरा, आणि दर वेळी ते बरोबरच असे. चार दिवस तो हेच करत राहिला. त्याला तिचं बोलणं आठवत होतं, खोकणं आठवत होतं, फोनवर ती आधी दोन-तीन सेकंद काही बोलतच नसे तेही आठवत होतं, पण गाण्याचा सूर आठवायला गेलं की डोक्यात हा वरचा आवाजच येई, ऑटोतला. त्यानंच केलेला हा आवाज खऱ्या आवाजाच्या जागेवर येऊन बसला होता आणि उठत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी निकेशचा फोन आला.

"लालसूभाऊ, हळदीचा सेट कुठी अटकला? शुक्रवारी पायजे होता ना."

"करून राह्यलो."

"काय झालं? आवाज असा काऊन?"

"निकेश, ते जुनं रेलावालं गाणं आठवते? त्याचं ओरिजिनल कधी तुले पाठवलं होतं का मी? गाणारीचं नुसतं?"

"नाई बा. कायचं ओरिजिनल? जे तू देल्लं तेच तर ओरिजिनल हाये. गडचिरोलीपासून तं बल्लारशापर्यंत तेच वाजलं." मग जरा थांबून तो म्हणाला, "काऊन, कोनी क्लेम केला का? ते गाणारी मागत आली का?"

"नाई," लालसू म्हणाला. "ते नाई मागत."

दुसऱ्या दिवशी लालसूनं लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घातले आणि मूलमार्गे गडचिरोलीच्या एसटीत बसला. जगात तो आवाज आणखी एका माणसाला माहीत होता. व्याहाडच्या पुढे वैनगंगा लागली, पात्र अर्धं वाळू. पलीकडे धानाची कापलेली बांधी आणि मग जंगल. पळस फुलला होता. बसमध्ये मागे कुणाच्यातरी फोनवर गाणं लागलं होतं, त्याची गती आणि चाकांची गती जुळत नव्हती, आणि तो सबंध रस्ता खिडकीला डोकं टेकून हे जुळायची वाट पाहत राहिला. धानोऱ्यापासून काळीपिवळी जीप, पुढे दोन किलोमीटर पायी. आईच्या घरात आता काका राहत होते. तिकडे तो गेला नाही. इतवारी तिच्या दारापुढे मांडवाखाली पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसली होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

लालसूनं गोंडीत सुरुवात केली. बरी आहेस का, एवढं नीट आलं. पुढे आईच्या गाण्यासाठी आलोय हे सांगताना शब्द अडकला, त्यानं मराठी शब्द घातला, मग दुसराही. इतवारीनं ते ऐकलं आणि काही न दाखवता स्वतःच मराठीवर आली, पाहुण्यासाठी खाट ओढावी तशी. "बस. पानी पेतेस? किती दिवसानं आलास रे. जुरीच्या तेरवीले दिसला होतास, मंग नाईच." ते त्याला लागलं, भाषेचं, उशिरा आल्याचं नाही. पाणी पिऊन त्यानं लॅपटॉप खाटेवर उघडला. त्याच्या स्पीकरवर आवाज डब्यातल्यासारखा येई, म्हणून हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला. तिचे कान गार होते.

"बाई, मी चार-पाच आवाज लावतो. त्याच्यातला मायचा कोनता, तेवढं सांग."

त्यानं पहिला लावला, तीन पायऱ्या खालचा. इतवारी डोळे मिटून ऐकत राहिली आणि हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "हे कोन बाई? बिमार हाये का?" दुसऱ्याला तिनं नुसती मान हलवली. तिसऱ्याला हसली. "हा तं मानूस हाये रे." चौथा, ज्याच्यावर त्याची चार दिवसांची आशा होती, तिनं दोनदा ऐकला. लालसू तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तोंडाच्या कोपऱ्यापाशी काहीतरी हललं असं त्याला वाटलं. मग तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि हळू आवाजात म्हणाली, "जुरीवानी करून राह्यली कोनी. जुरी नाई." आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं मग, उगाच, काहीतरी लावायचं म्हणून, तो मूळचा एकशे चोवीसचा लावला, किक-बेस काढून नुसता आवाज.

इतवारीचे हात पानांवरून उचलले गेले. "हे कुठी भेटली तुले?" ती मोठ्यानं म्हणाली. "हे तं ते सिरोंच्याची पोरगी."

लालसूनं आवाज जरा कमी केला.

"जुरीनं लय डोक्सं खाल्लं माह्यं हिच्यासाठी. जिथं हे वाजे तिथं मले उभी करून ऐकवे. त्या लग्नातून आली तं दोन दिवस एकच. म्हने, तिले माह्यं गानं कुठून भेटलं? म्हटलं, भेटलं असन, गानं का कोनाच्या बापाचं हाये. तं म्हने, तसं नाई इतवारी, ते एकटीच गाऊन राह्यली. तिच्या मागून कोनीच म्हनत नाई. वरची ओळ म्हन्ते अन् लगेच दुसरी. दम पन नाई घेत." इतवारीनं एका हातानं हेडफोन कानावर दाबून धरला. "खरंच नाई घेत. ऐक. म्हने, आपन जाऊ सिरोंच्याले. पुसत पुसत जाऊ, भेटन. मी तिच्यासंग म्हनीन, तू मागून म्हन. बिमार पडली तवापन म्हने, उन्हाळ्यात जाऊ."

उन्हाळ्यात. लालसूला तो उन्हाळा माहीत होता. त्या उन्हाळ्यात आईचे फोन आले होते, त्याला वाटलं होतं औषधाचं काही असेल, आणि एकदा तिनं विचारलं होतं सिरोंच्याला गाडी कुठून मिळते, तर तो म्हणाला होता, काय करायचंय एवढ्या लांब, तब्येत सांभाळ आधी. त्यानं हात पुढे करून गाणं थांबवलं. इतवारीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हेडफोन गळ्यात घेतला.

"बाई, ते मायच हाये," तो म्हणाला. "सिरोंच्याची कोनी नाई. तुम्ही दोघी फुलं पाखडत होत्या, तवा मी फोनमध्ये घेतलं होतं. जोरानं पळवलं, वर चढवलं. तुहा आवाज काढून टाकला. मधातली जागा मिटवली. तिनं पुसलं तं मी खोटं सांगितलं."

समोरच्या रस्त्यानं कुणीतरी सायकलवर लाकडाची मोळी बांधून नेत होतं, तो वळणाआड जाईपर्यंत इतवारी तिकडे पाहत होती.

"म्हनून मले हे पोरगी ओळखीची वाटे," ती शेवटी म्हणाली. "लग्न व्हायच्या आधी जुरी अशीच गाये. पंधरा-सोळाची होती तवा. इतकाच बारीक, इतकाच घाईचा. तू कुठी ऐकला तो आवाज? तू तं झाला पन नव्हता." आणि थोड्या वेळानं, रागानं नाही, खरंच विचारावं तसं, "तिले काऊन नाई सांगितलं रे?"

तिन्ही कारणं लालसूपाशी होती. इतवारी उत्तरासाठी थांबली नाही. तिनं टोचलेली पत्रावळ बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. "लाव परत."

त्यानं लावलं. तिनं पहिली ओळ ऐकली आणि मागून म्हणायला तोंड उघडलं, तोवर दुसरी ओळ सुरू झाली होती. ती थांबली. दुसऱ्या ओळीला पुन्हा निघाली, पुन्हा मागे राहिली. "थांबतच नाई हे," ती मोठ्यानं म्हणाली, आणि हात वर करून जणू समोर बसलेल्या कुणालातरी सबुरीनं घ्यायला सांगितलं. तेव्हा लालसूनं गाणं सुरुवातीला नेलं. पडद्यावर त्याच्या आईचा आवाज डोंगररांगेसारखा पसरलेला होता, आणि एक ओळ कुठं संपते ते त्याला दिसत होतं. तिथं येताच त्यानं बोट दाबून गाणं थांबवलं. इतवारीनं सावकाश, तिच्या त्या खालच्या, पसरत्या आवाजात ओळ म्हटली, शेवटचा सूर हलत हलत जमिनीवर येईपर्यंत म्हटली. ती श्वास घेईपर्यंत तो थांबला आणि मग बोट उचललं. पुढची ओळ. पुन्हा थांबवलं. त्याला ऐकू येत होतं ते फक्त तिचं. आईची ओळ हेडफोनच्या आत; ती आली की मांडवाखाली काहीच नसे, पानांची सळसळ आणि इतवारीचे मिटलेले डोळे. ठोके त्यानं मोजले नाहीत. गाण्याच्या अजून सोळा ओळी बाकी होत्या, आणि लालसू पडद्यावरच्या पुढच्या टोकाकडे, बोट तयार ठेवून, पाहत राहिला.